नेत्रिका, दूरदर्शकाची : दीर्घिका व अभ्रिका यांच्या निरीक्षणासाठी निवड

दूरदर्शकाच्या वस्तुभिंगाने किंवा प्रमुख आरशाने तयार केलेली खस्थ पदार्थाची प्रतिमा विवर्धित करून (मोठी करून) डोळ्यास दाखविणाऱ्या भिंगसंचास नेत्रिका म्हणतात. वस्तुभिंग वा आरसा प्रकाश गोळा करतो. त्या प्रकाशाची वाटणी डोळ्यात कशी व्हावी, हे नेत्रिका ठरविते. दूरदर्शक एकच असला, तरी नेत्रिका बदलताच विवर्धन, दृष्टिक्षेत्र व प्रतिमेची तेजस्विता ही तिन्ही बदलतात. चंद्र, ग्रह व जोडतारे यांच्यासाठी नेत्रिका निवडताना मुख्यतः सूक्ष्म तपशिलाचा विचार करावा लागतो. दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड संहती) आणि अभ्रिका (आंतरतारकीय वायू व धूळ यांचे मेघ) या मात्र पसरट व मंद असतात. त्यांच्या बाबतीत निवडीची कसोटी निराळी असून ती निरीक्षकाचा डोळा आणि त्या स्थळाचे आकाश यांवर आधारलेली असते. प्रस्तुत नोंदीत या कसोटीचे विवेचन केले असून उदाहरणादाखल पुणे शहराच्या पूर्वेकडील लोणी काळभोर या गावची परिस्थिती विचारात घेतली आहे.

मूलभूत राशी : प्रत्येक नेत्रिकेवर तिचे केंद्रांतर मिलिमीटरांत कोरलेले असते. दूरदर्शकाच्या केंद्रांतरास नेत्रिकेच्या केंद्रांतराने भागल्यास विवर्धन मिळते. दूरदर्शकाच्या व्यासास विवर्धनाने भागल्यास मिळणाऱ्या राशीस निर्गम द्वारक म्हणतात. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा हा व्यास होय. दूरदर्शकाचे केंद्रांतर व व्यास यांच्या गुणोत्तराने नेत्रिकेच्या केंद्रांतरास भागले असताही निर्गम द्वारक मिळते. तिसरी राशी दृष्टिक्षेत्राची होय. नेत्रिकेच्या भासमान क्षेत्रास विवर्धनाने भागले असता आकाशाचा किती भाग एका वेळी दिसेल, हे स्थूलमानाने कळते.

हौशी निरीक्षकांमध्ये प्रचलित असलेला २०० मिमी. व्यासाचा व १,२०० मिमी. केंद्रांतराचा (गुणोत्तर ६) परावर्तक दूरदर्शक उदाहरणासाठी घेतला, तर पुढील आकडे मिळतात :

४० मिमी. नेत्रिका : विवर्धन ३०, निर्गम द्वारक ६.७ मिमी.
३२ मिमी. नेत्रिका : विवर्धन ३७.५, निर्गम द्वारक ५.३ मिमी.
२५ मिमी. नेत्रिका : विवर्धन ४८, निर्गम द्वारक ४.२ मिमी.
१२ मिमी. नेत्रिका : विवर्धन १००, निर्गम द्वारक २ मिमी.
६ मिमी. नेत्रिका : विवर्धन २००, निर्गम द्वारक १ मिमी.

डोळ्याची बाहुली अंधारात तरुणपणी सु. ७ मिमी. पर्यंत विस्फारते. वय वाढते तशी ही मर्यादा घटते व पन्नाशीनंतर ती पुष्कळांच्या बाबतीत ५ मिमी. च्या आसपास येते. तथापि व्यक्तिपरत्वे यात बराच फरक आढळतो. निर्गम द्वारक बाहुलीपेक्षा मोठे असेल, तर जास्तीचा प्रकाश डोळ्यात न शिरता वाया जातो. वरील उदाहरणातील ४० मिमी. नेत्रिका ५ मिमी. बाहुली असलेल्या निरीक्षकाने वापरली, तर २०० मिमी. दूरदर्शकापैकी फक्त १५० मिमी. व्यासाचाच उपयोग होतो. म्हणून सर्वांत कमी विवर्धनाची नेत्रिका निवडताना प्रथम निरीक्षकाचे वय विचारात घ्यावे लागते.

पृष्ठतेजस्विता : ताऱ्याची प्रतिमा बिंदुरूप असल्यामुळे दूरदर्शक जितका मोठा तितका तारा अधिक तेजस्वी दिसतो. पसरट पदार्थांना हा नियम लागू पडत नाही. कोणत्याही दूरदर्शकातून पाहिले, तरी पसरट पदार्थाची पृष्ठतेजस्विता (एकक कोनीय क्षेत्रफळाची तेजस्विता) नुसत्या डोळ्यांना भासणाऱ्या पृष्ठतेजस्वितेहून अधिक होऊ शकत नाही. निर्गम द्वारक बाहुलीएवढे असताना ती जवळजवळ तितकीच राहते आणि पुढे निर्गम द्वारकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. बाहुली ६ मिमी. व निर्गम द्वारक २ मिमी. असल्यास प्रतिमेची पृष्ठतेजस्विता एकनवमांश होते. दूरदर्शकामुळे होणारा लाभ निराळाच असतो : पृष्ठतेजस्विता फारशी न गमावता तो पदार्थ अनेक पटींनी मोठा करून दाखवितो.

या कारणामुळे सूचीत दिलेली एकूण प्रत (तेजस्वितेचे माप; अंक जितका मोठा तितका पदार्थ मंद) पाहून दीर्घिका दिसेल की नाही, याचा अंदाज बांधणे फसवे ठरते. एकूण प्रकाश किती क्षेत्रावर पसरला आहे, हे महत्त्वाचे होय. त्रिकोण तारकासमूहातील एम ३३ या दीर्घिकेची प्रत ५.७ व विस्तार सु. ७० × ४० कला (१ कला म्हणजे अंशाचा ६० वा भाग) आहे. कन्या तारकासमूहातील एम १०४ या दीर्घिकेची प्रत ८ असून विस्तार सु. ९ × ४ कला आहे. अंकांवरून पहिली दीर्घिका पुष्कळच सोपी वाटते. प्रत्यक्षात गणिताने पहिलीची सरासरी पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेस (विकला म्हणजे कलेचा ६० वा भाग) सु. २३ प्रत व दुसरीची सु. २०.५ प्रत येते. म्हणजे दुसरी दीर्घिका पृष्ठतेजस्वितेने सु. दसपट उजळ आहे.

पदार्थाचा प्रकाश आकाशाच्या स्वतःच्या उजेडावर भर म्हणून पडत असल्याने या दोहोंचे गुणोत्तर निर्णायक ठरते. शहराच्या उपांतभागातील आकाशाची पृष्ठतेजस्विता दर चौरस विकलेस १९.५ प्रत मानली, तर एम ३३ हिचा प्रकाश पार्श्वभूमीच्या केवळ ४ टक्के भरतो. शामशबल तारकासमूहातील एम ५१ या सर्पिल दीर्घिकेचा १३ टक्के, एम १०४ हिचा ४० टक्के आणि स्वरमंडल तारकासमूहातील एम ५७ या कंकणाकृती अभ्रिकेचा सु. पाचपट भरतो. दूर खेड्यातील २१.५ प्रतीच्या आकाशात हेच आकडे अनुक्रमे २६ टक्के, ८३ टक्के, अडीचपट व तीसपट होतात. हे आकडे सरासरीचे आहेत. दीर्घिकांचा गाभा सरासरीहून पुष्कळ तेजस्वी असल्यामुळे प्रथम तोच दिसतो आणि बाहेरील भुजा आकाशाच्या उजेडात लोपतात.

नेत्रिका बदलल्याने हे गुणोत्तर बदलत नाही, कारण विवर्धन वाढविले असता दीर्घिका व तिच्यामागील आकाश ही दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. असे असूनही विवर्धन वाढविल्यावर मंद दीर्घिका अधिक स्पष्ट दिसते, हा सर्व निरीक्षकांचा अनुभव आहे. त्याचे कारण डोळ्याच्या रचनेत सापडते.

डोळ्याचे कार्य : अंधारात पाहण्याचे काम जालपटलातील दंडकोशिका करतात. त्यांना रंगांचे ज्ञान होत नाही. म्हणून छायाचित्रांत लाल-निळ्या दिसणाऱ्या अभ्रिका नेत्रिकेतून करड्या दिसतात. मंद प्रकाशात डोळा अनेक दंडकोशिकांचे संदेश एकत्र करून निर्णय घेतो. त्यामुळे अतिशय अल्प तफावत असलेला ठिपका लहान असेल तर डोळ्यास जाणवत नाही, पण तीच तफावत असलेला मोठा ठिपका जाणवतो. एच्. आर्. ब्लॅकवेल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत प्रयोगांत पार्श्वभूमीची तेजस्विता, ठिपक्याचा कोनीय आकार व दिसण्यास लागणारी किमान तफावत यांचे परस्परसंबंध मोजण्यात आले. रॉजर क्लार्क यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हेच निष्कर्ष दूरदर्शकातून होणाऱ्या निरीक्षणास लावून दाखविले.

यावरून असे दिसते, की विवर्धन वाढवीत नेल्यास एका मर्यादेपर्यंत आकार वाढल्याचा फायदा पार्श्वभूमी मंदावल्याच्या तोट्याहून अधिक असतो. त्यापलीकडे प्रतिमा इतकी काळोखी होते, की डोळ्याची तफावत ओळखण्याची शक्तीच क्षीण होते. या दोहोंच्या मधील विवर्धन सर्वोत्तम होय. बहुतेक दीर्घिकांसाठी ते २ ते ३ मिमी. निर्गम द्वारकाच्या आसपास येते. ‘दीर्घिकांसाठी नेहमी सर्वांत कमी विवर्धन वापरावे’ हा जुना समज म्हणूनच अपुरा आहे आणि ‘विवर्धन जितके जास्त तितके चांगले’ हा बाजारातील समज तर पूर्णपणे चुकीचा आहे.

डोळा अंधारास पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो व क्षणभर पांढरा उजेड पडला, तरी हा सराव मोडतो. नकाशा पाहण्यासाठी म्हणूनच मंद तांबडा दिवा वापरतात. जालपटलाच्या मध्यभागी दंडकोशिका नसल्याने मंद पदार्थाकडे थेट न पाहता तिरप्या नजरेने पाहावे. उजव्या डोळ्याने पाहताना नजर पदार्थाच्या किंचित उजवीकडे व डाव्या डोळ्याने पाहताना डावीकडे ठेवावी. असे केल्यास पदार्थाची प्रतिमा डोळ्यातील अंध बिंदूवर पडत नाही. दूरदर्शक हलकेच हलविल्यासही मंद पदार्थ चटकन लक्षात येतो.

नेत्रिकांचे प्रकार : ह्यूजेन्झ यांची दोन भिंगांची नेत्रिका सतराव्या शतकातील, तर रॅम्सडेन यांची अठराव्या शतकातील आहे. या नेत्रिकांचे दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने आणि गुणोत्तर लहान असलेल्या दूरदर्शकांत त्यांतील विपथन (प्रतिमादोष) ठळक होत असल्याने विस्तृत अभ्रिकांसाठी त्या उपयुक्त नाहीत. केल्नर (१८४९) यांच्या तीन भिंगांच्या नेत्रिकेत वर्ण विपथन (रंगांच्या कडा दिसण्याचा दोष) कमी झाले. प्लोसल (१८६०) यांच्या नेत्रिकेत दोन जोडभिंगे असून तिचे भासमान क्षेत्र सु. ५०° असते. किंमत, प्रकाशवहन व प्रतिमेचा रेखीवपणा यांचा मेळ तिच्यात साधला असल्यामुळे ती सर्वाधिक प्रचारात आहे. ॲबे (१८८०) यांची नेत्रिका विशेष रेखीव प्रतिमा देते. मात्र तिचे क्षेत्र सु. ४०° ते ४५° इतकेच असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात एर्फ्ले यांनी ६०° हून अधिक क्षेत्राची नेत्रिका तयार केली. १९८० च्या सुमारास ॲल नॅग्लर यांच्या ८२° क्षेत्राच्या नेत्रिका बाजारात आल्या व त्यानंतर रुंद क्षेत्राच्या नेत्रिकांचे अनेक प्रकार निघाले.

रुंद क्षेत्राचा लाभ केवळ नयनसुखाचा नाही. ज्या दूरदर्शकास आकाशाच्या गतीबरोबर फिरविणारे यंत्र नसते, त्यात वरील उदाहरणातील १०० विवर्धनास ५२° क्षेत्राच्या नेत्रिकेतून विषुववृत्ताजवळील पदार्थ सु. दोन मिनिटांत क्षेत्र ओलांडतो. ८२° क्षेत्राच्या नेत्रिकेत त्यास सु. सव्वातीन मिनिटे लागतात. मंद दीर्घिका ओळखण्यास डोळ्यास लागणारा निवांत वेळ त्यामुळे मिळतो. शिवाय दीर्घिकेभोवतीचे काळे आकाश त्याच क्षेत्रात दिसल्याने तुलना सुलभ होते.

भिंगांची संख्या वाढली की प्रकाशाची हानी वाढते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सु. ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. हवेस लागून चार पृष्ठे असलेल्या लेपरहित नेत्रिकेतून सु. ८५ टक्के, तर सहा पृष्ठे असलेल्या नेत्रिकेतून सु. ७८ टक्के प्रकाश पार होतो. हा हरवलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन पार्श्वभूमीही उजळवितो, हा अधिक मोठा तोटा होय. आधुनिक बहुस्तरीय परावर्तनरोधी लेपामुळे दर पृष्ठाची हानी अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. म्हणून मंद पदार्थांसाठी नेत्रिका घेताना सर्व पृष्ठांवर असा लेप आहे, याची खात्री करून घ्यावी.

चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्र-अंतर (शेवटच्या भिंगापासून डोळा जेथे ठेवावा लागतो तेथपर्यंतचे अंतर) १५ ते २० मिमी. असलेली नेत्रिका निवडावी. केवळ लघुदृष्टी वा दीर्घदृष्टी हा दोष असेल, तर चष्मा काढून दूरदर्शकाची जुळणी बदलली तरी चालते. दृष्टिवैषम्य (वेगवेगळ्या दिशांतील रेषा सारख्या स्पष्ट न दिसणे) अधिक असल्यास विशेषतः मोठ्या निर्गम द्वारकास चष्म्याची गरज भासते. प्लोसल प्रकारात नेत्र-अंतर केंद्रांतराच्या प्रमाणात घटत असल्यामुळे १० मिमी. हून कमी केंद्रांतराच्या नेत्रिका चष्म्यासह वापरणे कठीण जाते. बार्लो भिंग (विवर्धन दुप्पट वा तिप्पट करणारे अपसारी भिंग) वापरल्यास मोठ्या केंद्रांतराच्या नेत्रिकेचे सोयीचे नेत्र-अंतर राखून विवर्धन वाढविता येते.

पदार्थांनुसार निवड : (१) विस्तृत अभ्रिका व मोठ्या दीर्घिका : धनू तारकासमूहातील एम ८, मृगातील एम ४२, हंस तारकासमूहातील जालासारखी अभ्रिका, देवयानी दीर्घिका (एम ३१) हे पदार्थ एक अंशाहून तीन अंशांपर्यंत पसरलेले आहेत. त्यांसाठी ४ ते ५ मिमी. निर्गम द्वारक व शक्य तितके रुंद क्षेत्र घ्यावे. सव्वा इंची नळीच्या नेत्रिकेतून १,२०० मिमी. केंद्रांतराच्या दूरदर्शकात सु. १.३° हून अधिक क्षेत्र मिळू शकत नाही. दोन इंची नळीत ते सु. २.२° पर्यंत जाते. देवयानी दीर्घिका त्यातही पूर्ण मावत नाही. मात्र एम ४२ च्या गाभ्यातील चार ताऱ्यांच्या चौकडीभोवतीचा तपशील पाहण्यासाठी १०० वा अधिक विवर्धन लागते. एकाच पदार्थासाठी दोन नेत्रिका वापरण्याची गरज यावरून लक्षात येईल.

(२) मध्यम आकाराच्या दीर्घिका : एम ५१, एम ८१, एम ८२, एम १०४, शिल्पागार तारकासमूहातील एनजीसी २५३ आणि कन्या तारकासमूहातील दीर्घिकांचा गुच्छ या वर्गात येतात. त्यांसाठी २ ते २.५ मिमी. निर्गम द्वारकाची नेत्रिका उत्तम. एम ८१ व एम ८२ या एकमेकींपासून सु. ३८ कला अंतरावर असल्याने रुंद क्षेत्राच्या एकाच नेत्रिकेत दोन्ही दिसू शकतात. प्रथम कमी विवर्धनाने स्थान निश्चित करून मग विवर्धन वाढवावे.

(३) ग्रहसदृश अभ्रिका व दीर्घिकांचे गाभे : एम ५७ सारख्या लहान व उजळ अभ्रिकांना १ मिमी. च्या आसपासचे निर्गम द्वारक मानवते. एम ५७ चा विस्तार दीड कलेहून कमी असल्याने कमी विवर्धनात ती ताऱ्यासारखी भासून निरीक्षकाच्या नजरेतून निसटते. जंबुक तारकासमूहातील एम २७ ही अभ्रिका सु. ८ कला विस्ताराची असल्यामुळे तिला मधली नेत्रिका योग्य ठरते.

थोडक्यात, ५, २ आणि १ मिमी. च्या आसपासचे निर्गम द्वारक देणाऱ्या तीन नेत्रिका बहुतेक सर्व कामांना पुरतात. गुणोत्तर ६ असलेल्या दूरदर्शकास त्या ३०, १२ व ६ मिमी. च्या आणि गुणोत्तर १० असलेल्या दूरदर्शकास ५०, २० व १० मिमी. च्या असाव्यात.

प्रकाश-गाळण्या : विल्यम हगिन्झ यांनी १८६४ मध्ये एका ग्रहसदृश अभ्रिकेच्या वर्णपटात सलग पट्ट्याऐवजी केवळ काही तेजस्वी रेषा पाहिल्या व ती अभ्रिका वायुरूप असल्याचे सिद्ध केले. या प्रश्नाच्या अभ्यासाशी पुण्याचा निकटचा संबंध आहे. येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये (सध्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते. नॉर्मन लॉकयर यांनी अभ्रिकांतील मुख्य रेषा मॅग्नेशियमाची असावी, असे मत मांडले होते. नायगमवाला यांनी मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटाचे निरीक्षण करून ही रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव असल्याचे १८९१ मध्ये दाखविले. हे निरीक्षण लॉकयर यांच्या मताच्या विरुद्ध जाणारे होते. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिचा २० इंची परावर्तक दूरदर्शक कोडईकानल येथे नेण्यात आला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनाची असल्याचे आय्. एस्. बोएन यांनी १९२७ मध्ये सिद्ध केले.

हाच शोध आज निरीक्षकाच्या उपयोगी पडतो. ऑक्सिजनाच्या या रेषा ४९५.९ व ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आहेत. अंधारास सरावलेला डोळा सु. ५०७ नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनशील असतो. नेत्रिकेच्या तळाशी बसविता येणारी अरुंद पट्ट्याची गाळणी केवळ या रेषांचा प्रकाश जाऊ देते व आकाशाचा उरलेला उजेड अडविते. पदार्थ व पार्श्वभूमी यांचे गुणोत्तर खरोखर सुधारणारे निरीक्षकाच्या हातातील हे एकमेव साधन होय. गाळणीमुळे पार्श्वभूमी मंदावत असल्याने तिच्यासह ३ ते ५ मिमी. निर्गम द्वारकाची नेत्रिका वापरावी. हंसातील जालासारखी अभ्रिका, एम २७ व सप्तर्षीतील एम ९७ यांना तिचा विशेष लाभ होतो. दीर्घिकांचा प्रकाश मात्र मुख्यतः ताऱ्यांचा म्हणजे सर्व तरंगलांब्यांत पसरलेला असल्यामुळे गाळणी आकाशाबरोबर दीर्घिकेचा प्रकाशही अडविते. दीर्घिकांसाठी अंधाऱ्या आकाशास पर्याय नाही.

लोणी काळभोर येथील परिस्थिती : पुणे-सोलापूर महामार्गावरील हे हवेली तालुक्यातील गाव पुण्याच्या मध्यभागापासून पूर्वेस किंचित आग्नेयेकडे, २० किमी. च्या आत आहे. त्याचे अक्षांश सु. १८.५° उ. आहे. शहराचा उजेड येथे मुख्यतः पश्चिम क्षितिजावर पसरतो. पूर्वेकडील व दक्षिणेकडील आकाश तुलनेने अंधारे असते. दक्षिणेस भुलेश्वर डोंगररांग आहे. महामार्ग व वाढती वस्ती यांचा उजेड याखेरीज असतोच.

या विषमतेमुळे निरीक्षणाचा क्रम बदलावा लागतो. कोणताही पदार्थ याम्योत्तर वृत्तावर (दक्षिणोत्तर मध्यरेषेवर) असताना सर्वांत उंच असतो व एरव्ही तीच वेळ उत्तम समजली जाते. लोणी काळभोरसारख्या ठिकाणी याम्योत्तर वृत्त ओलांडण्यापूर्वीचे दोन तास अधिक लाभदायक ठरतात, कारण त्यानंतर पदार्थ शहराच्या उजेडाकडे सरकू लागतो. देवयानी दीर्घिका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या पहिल्या प्रहरी पाहावी. जानेवारीअखेर ती संध्याकाळीच वायव्येकडील उजेडात जाते. कन्या तारकासमूहातील दीर्घिकांसाठी फेब्रुवारी-मार्चमधील मध्यरात्रीपूर्वीचा काळ योग्य. एनजीसी २५३ येथे सु. ४६° पर्यंत व नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ५१२८ सु. २८° पर्यंत वर येते. यूरोपातील बहुतेक देशांतून न दिसणारी ही दुसरी दीर्घिका दक्षिणेच्या अंधाऱ्या बाजूस असल्यामुळे येथील निरीक्षकास विशेष अनुकूल आहे.

नेत्रिकेच्या निवडीवरही आकाशाचा परिणाम होतो. उजळ आकाशात बाहुली पूर्ण विस्फारत नाही आणि मोठ्या निर्गम द्वारकास पार्श्वभूमी करडी दिसते. म्हणून येथे सर्वांत कमी विवर्धनाच्या नेत्रिकेचे निर्गम द्वारक ५ ऐवजी ४ मिमी. च्या जवळ ठेवणे हितावह असते, २०० मिमी. च्या उपर्युक्त दूरदर्शकास ती २५ मिमी. ची होते. रुंद क्षेत्राची १२ मिमी. ची नेत्रिका येथील मुख्य साधन समजावी व प्रथम पैसा तीवर खर्च करावा. एम ३३ सारख्या पसरट दीर्घिका मात्र कोणत्याही नेत्रिकेने येथून समाधानकारक दिसत नाहीत. त्यांसाठी दूरच्या अंधाऱ्या ठिकाणी प्रवास करणे, हे अधिक महागडी नेत्रिका घेण्यापेक्षा स्वस्त व निश्चित फळ देणारे आहे. आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राची २ मी. व्यासाच्या दूरदर्शकाची वेधशाळाही याच कारणाने पुणे शहरात न उभारता आंबेगाव तालुक्यातील गिरावली येथे २००६ मध्ये उभारण्यात आली.

खरेदी व निगा : छोट्या दूरदर्शकांच्या वेष्टनांवर पाचशे वा त्याहून अधिक विवर्धनाचा उल्लेख आढळतो. ६० मिमी. व्यास व ७०० मिमी. केंद्रांतर असलेल्या दूरदर्शकास ४ मिमी. नेत्रिका व तिप्पट करणारे बार्लो भिंग लावले, तर विवर्धन ५२५ येते. परंतु निर्गम द्वारक ०.११ मिमी. होऊन पसरट पदार्थाची पृष्ठतेजस्विता अडीच हजारांहून अधिक पटींनी घटते. अशा संचातून दीर्घिका कधीच दिसू शकत नाही. पुष्कळ विद्यार्थी व पालक आपली दृष्टी वा आपला दूरदर्शक सदोष आहे, असे समजून हा छंद येथेच सोडून देतात. त्याच दूरदर्शकास २५ मिमी. ची साधी प्लोसल नेत्रिका लावली, तर विवर्धन २८ व निर्गम द्वारक २.१ मिमी. होऊन एम ४२, देवयानीचा गाभा व एम ८ हे पदार्थ सहज दिसतात. खरेदीपूर्वी अनुभवी निरीक्षकांच्या नेत्रिकांमधून पाहून घेणे श्रेयस्कर. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी संस्थांमुळे अशी संधी मिळते.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा काळ निरीक्षणास जवळजवळ निरुपयोगी असतो. नेत्रिकांना खरा धोकाही याच काळात असतो. दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते व ती लेप कायमचा खराब करते. म्हणून नेत्रिका ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात व पुड्या वेळोवेळी तापवून वाळवाव्यात. हिवाळ्यात नदीखोऱ्यातील दवामुळे भिंग धुरकट झाल्यास पुसू नये; नेत्रिका खिशात वा हातात धरून किंचित गरम करावी. धूळ प्रथम हवेच्या फुंकणीने उडवावी. कोरड्या कापडाने पुसल्यास चरे पडतात.

मर्यादा : नेत्रिका, दूरदर्शक व डोळा यांची कितीही उत्तम जुळणी केली, तरी आकाशाच्या उजेडाने गिळलेला प्रकाश परत मिळत नाही. २०१५ पासून देशातील पथदिव्यांच्या जागी एलईडी दिवे बसविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा प्रकाश प्रामुख्याने पिवळ्या भागात असल्यामुळे गाळण्यांनी तो बराचसा अडविता येई. एलईडी दिव्यांचा प्रकाश निळ्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला असल्याने गाळण्यांचा उपयोग घटला आहे. वरून झाकलेले, खाली प्रकाश टाकणारे व उष्ण छटेचे दिवे वापरल्यास ऊर्जेची बचत होऊन आकाशही अंधारे राहते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रास जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. असा दर्जा मिळविणारे ते भारतातील पहिले उद्यान होय. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सु. २५ लाख वर्षे प्रवास करून येथे पोहोचतो. तो डोळ्यापर्यंत यावा, यासाठी योग्य नेत्रिका जितकी आवश्यक आहे, तितकेच गावावरचे अंधारे आकाशही आवश्यक आहे.